सळई कुठे अडते

थोरलीचं रान वडिलांच्या डोळ्यांत सलत होतं. गेल्या हंगामातली गव्हाची धसकटं तशीच उभी, मधे पाचोळा पसरलेला, नांगराचा एक ओरखडा नाही. आणि वडील कोण? तर ज्यांची सरळ रेघेतली नांगरट बघायला लोक मुद्दाम वाट वाकडी करून यायचे आणि ज्यांना पाठीमागे ‘फूटपट्टी’ म्हणायचे, ते. त्यांच्या पोरीचं असं अजागळ रान! धाकटा भाऊ तर म्हणायचा, ताईनं अंथरूण न आवरताच ठेवलंय.

चार वर्षं ती न नांगरता पेरत होती. यंत्राने धसकटांमधे बारीक चीर पाडायची, बी सोडायचं, बस्स. पीक निघालं की तसाच खोल मुळांचा चारा पेरायचा. पहिली दोन वर्षं उत्पन्नाने मार खाल्ला, मग बरोबरी झाली. वडिलांनी दात-ओठ खात सोसलं. यंदा पेरणीच्या आठ दिवस आधी मात्र ते सकाळीच ट्रॅक्टरला नांगर जोडून तिच्या बांधावर हजर झाले. एकदा फाळ आत गेला की चार वर्षांची मेहनत तासाभरात पाण्यात. हातातला चहा तसाच टाकून ती धावली आणि ट्रॅक्टरपुढे उभी राहिली.

“बाजूला हो.”

“नाही होणार.”

“लोक हसतात. माझी पोर आळशी निघाली म्हणतात.”

“हसू देत. दात त्यांचेच दिसतात.”

“अगं, मुळं खाली जायची तर माती मोकळी लागते. एवढं तरी शिकवलं होतं मी!”

“शिकवलं होतं ना? मग सळई काढा.”

सीटमागे त्यांची हातभर लोखंडी सळई कायम असे. नांगरटीनंतर ती जमिनीत खुपसायची; वीतभर आत जाऊन टेकली की काम चोख, असा त्यांचा हिशेब. ती का टेकते, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

थोरलीने सळई आपल्या धसकटांत रोवली आणि रेटली. ती हळूहळू मुठीपर्यंत आत गेली. मग बांध ओलांडून तिने वडिलांच्या नांगरलेल्या रानात खुपसली. वीतभर सरकन गेली आणि अडली.

“दगड असेल,” वडील म्हणाले.

चार पावलांवर पुन्हा अडली.

“हाही दगड असेल.”

“चाळीस वर्षं नांगरताय, बाबा. एकदा तरी फाळाला दगड लागला?”

वडिलांनी सळई तिच्या हातातून हिसकावली आणि सगळं वजन टाकून दाबली. ती वाकली, पण आत गेली नाही. दरवर्षी त्याच खोलीवर फाळ घासून त्यांनी स्वतःच खाली घट्ट मातीची फरशी घातली होती. घाम पुसत ते वाकलेल्या सळईकडे बघत राहिले. थोरलीला त्यांची दया आली, फार आली, पण ती परत आपल्या बांधावर जाऊन उभी राहिली.

“नांगर मी विकणार नाही,” ते म्हणाले.

“नका विकू. हा बांध ओलांडायचा नाही, एवढंच.”

वडील ट्रॅक्टरवर चढले. नांगर उचललेला ठेवूनच त्यांनी ट्रॅक्टरचं तोंड वळवलं.

“ते तुझं पेरायचं यंत्र,” मागे न बघता त्यांनी विचारलं, “रेघ सरळ मारतं का?”

“चालवणाऱ्यावर आहे,” ती म्हणाली, आणि ट्रॅक्टर पार रस्त्याला लागेपर्यंत जागची हलली नाही.