झहूरची नमाज

यूनुस काही रीतसर शिकून झालेला मौलवी नव्हता. दापोलीकडच्या खाडीकाठच्या गावात त्याने मदरशात थोडी वर्षं काढली, मग बाप गेला आणि तो मामाच्या हाताखाली सुतारकामाला लागला. १९५१ साली तो कुवेतला आला तोही सुतार म्हणूनच. मीना अल-अहमदीला तेव्हा तेलाच्या बोटींसाठी धक्क्याचं काम जोरात चाललं होतं आणि कोकणातली बरीच माणसं कंपनीच्या कॅम्पात येऊन पडली होती. कोणी दोरखंडावर, कोणी मेसमध्ये, कोणी रंगाच्या कामावर. पहिल्याच रमजानात लोकांच्या ध्यानात आलं की आपल्यात त्यातल्या त्यात शुद्ध कुराण वाचणारा हा एकच आहे. त्यांनी त्याला धरून पुढे उभा केला, आणि मग तो पुढेच उभा राहत गेला.

मशीदही त्यानेच उभी केली. यंत्रं यायची त्या मोठाल्या खोक्यांच्या फळ्या कंपनीच्या साहेबाकडून मागून घेतल्या, वर पत्रा घातला, खाली खजुरीच्या चटया. या कामात त्याच्याबरोबर सगळ्यात जास्त राबला तो झहूर. झहूर त्याच्याच बोटीने आलेला, धक्क्यावर बोटी बांधायच्या कामाला असलेला हसतमुख गडी. आवाज असा की त्याने अजान दिली की मेसमधली माणसं हातातलं भांडं ठेवून उठायची. पाच वेळची अजान त्याचीच, हे कोणी न ठरवताच ठरून गेलं.

त्या वर्षांत यूनुसने त्या माणसांसाठी काय केलं नाही? कोणी तापाने फणफणला तर उशाशी बसायचा, कोणाचं घरच्या आठवणीने डोकं फिरलं की त्याला हाताशी घेऊन रंधा मारायला लावायचा. मयताला गुसलची आंघोळ त्याने घालायची, कबरीत उतरायचं तेही त्यानेच. लोकही त्याच्यावर जीव टाकायचे. कोणी गावाहून परतला की सुक्या बोंबलाची पहिली पुडी मौलवीसाबांची.

मग झहूर बिघडला. गावी त्याची बायको बाळंतपणात गेली, मूलही राहिलं नाही, आणि ही बातमी त्याला मातीनंतर कितीतरी दिवसांनी कळली. कॅम्पाच्या मागे काही जण खजुराची दारू गाळायचे, तिकडे तो जाऊन बसू लागला. यूनुसने त्याला एकदा समजावलं, दुसऱ्यांदा समजावलं. एकदा पहाटे फजरला तो झोकांड्या खात अजान द्यायला उभा राहिला तेव्हा यूनुसने सगळ्यांसमोर त्याचा दंड धरून त्याला बाहेर काढलं.

दारात वळून झहूर म्हणाला, "मशीद अल्लाची हाय मौलवीसाब, तुमची नाय. फळ्या मीपण वाहिल्यात."

ते वाक्य यूनुसच्या जिव्हारी लागलं. त्यानंतर झहूर मशिदीत आला नाही, आणि यूनुसनेही त्याला बोलावणं धाडलं नाही.

१९५७च्या थंडीत एका सकाळी झहूर धक्क्याच्या खांबांपाशी पाण्यात तरंगताना सापडला. रात्री पिऊन धक्क्यावर गेला होता, पाय घसरला असणार. लोकांनी त्याला वर आणलं, धुतलं, कफन घातलं आणि मशिदीसमोर आणून ठेवलं. यूनुस आपल्या कामाच्या शेडमध्येच बसून होता. मेसचा भटारी कमाल त्याला मयताची, जनाज्याची नमाज पढवायला बोलवायला आला.

"मी नाय पढवणार," यूनुस म्हणाला. "तुम्ही पढा. मना नाही करत मी. पण मी पुढे उभा राहिलो तर उद्या चार जण दारू प्यायला मोकळे होतील."

हे काही त्याने मनाने काढलेलं नव्हतं. लोकांना धाक बसावा म्हणून मोठ्यांनी अशा वेळी बाजूला राहावं, असं त्याने ऐकलं होतं. आणि कलमा पढलेल्या कोणाही मुसलमानाची जनाज्याची नमाज सोडू नये, हेही त्याने तितकंच ऐकलं होतं. दोन्हींतलं एक त्याने उचललं. का उचललं, हे त्या सकाळी त्याने स्वतःला विचारलं नाही.

कमाल जायला वळला. "तुमचा यार होता तो," इतकंच म्हणून गेला. नमाज त्यानेच पढवली, अडखळत, मध्ये एकदा विसरून. शेडमध्ये यूनुसला त्याच्या 'अल्लाहू अकबर'च्या तकबिरी ऐकू येत होत्या. तो उठला, दारापर्यंत आला आणि परत जाऊन बसला. कब्रस्तानातही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जोहरला सगळे नेहमीसारखे त्याच्यामागे रांगेत उभे राहिले. एकानेही विषय काढला नाही. यूनुसला वाटलं, लोकांना आपलं पटलं. त्या गप्प बसण्यात दुसरं काही असेल हे त्याला फार उशिरा कळलं.

वर्षं गेली. कॅम्प जाऊन पक्क्या चाळी आल्या, लोकांनी बिऱ्हाडं आणली, काही जण शहरात दुकानं घालून बसले. १९६४ साली एका शुक्रवारी, नमाजनंतर, शहरातून एक जोडपं यूनुसला भेटायला आलं. नवरा तिथे शिवणकाम करायचा. बाई डोक्यावरचा पदर सारखा करत पुढे आली, हातातला सांदणांचा डबा खाली ठेवला आणि म्हणाली, "मी शहरबानू. झहूरची धाकटी बहीण."

यूनुसने तिला बसायला चटई पुढे केली.

"आई गेली गेल्या साली," ती सांगू लागली. "भाई दारूत गेला हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. लोक काय काय बोलायचे. पण कमालचाचा सुट्टीवर आले तेव्हा घरी येऊन सांगून गेले, मौलवीसाबांनी स्वतः नमाज पढवली, कबरीत उतरले, रडले. तेवढं आईने शेवटपर्यंत धरून ठेवलं. कोणी काही बोललं की म्हणायची, यूनुस मौलवी ज्याच्यासाठी रडला, त्याला तुम्ही नावं ठेवू नका."

यूनुसने मान हलवली. "अल्ला त्याला बक्षो," एवढं तो कसाबसा म्हणाला. ती दोघं गेल्यावर तो तसाच मेसच्या मागच्या दाराशी गेला. कमाल तांदूळ निवडत होता.

"असं का सांगितलंस तू?"

कमालने मान वर केली नाही. "मग काय सांगायचं होतं त्या म्हातारीला? आणि मी एकटा नाय, आमचं सगळ्यांचं तसं ठरलं होतं. गावात तुमचं नाव खराब व्हायला नको होतं. तुमी आमचे होतात."

यूनुस तिथेच पायरीवर बसला. इतकी वर्षं हे लोक आपल्यामागे उभे राहिले ते आपलं पटलं म्हणून नव्हे. आपली चूक त्यांनी घरातल्या माणसाची झाकावी तशी झाकली होती. तो म्हणाला, "मला दारूचा राग नव्हता रे कमाल. दारातून तो जे बोलला होता त्याचा होता."

"ठाऊक हाय," कमाल म्हणाला. "सगळ्यांना ठाऊक होतं."

दोन दिवसांनी दोघे फहाहीलबाहेरच्या कब्रस्तानात गेले. कबरीवरही जनाज्याची नमाज पढता येते, आपल्या शाफई पंथाच्या लोकांत तशी मुभा आहे. ती इतकी वर्षं यूनुसला कोणत्याही दिवशी घेता आली असती. पण कबर सापडेना. कब्रस्तान वाढलं होतं, उशाचे दगड वाळूत गेले होते. कमाल इकडून तिकडे फिरला आणि शेवटी एका बाजूला हात करून म्हणाला, ह्या रांगांत कुठेतरी.

"तू पढव. मी मागे उभा राहतो," यूनुस म्हणाला.

"मी माझी पढलोय. ही तुमची हाय."

कमाल लांब जाऊन उभा राहिला. यूनुसने एकट्याने नमाज पढली. मयतासाठीची दुआ त्याने आजवर किती जणांसाठी म्हटली होती, कधी अडखळला नव्हता. त्या दिवशी झहूरच्या नावापाशी येऊन तो थांबला आणि बराच वेळ त्याला पुढचा शब्द आठवेना. नमाज झाली. मन हलकं होईल असं त्याला वाटलं होतं, तसं काही झालं नाही.

शहरबानूला खरं सांगून टाकावं असं त्याच्या फार मनात होतं. कमालने त्याला अडवलं. तुम्हाला बरं वाटेल, म्हणाला, पण तिच्याकडे भावाचं तेवढंच उरलंय. यूनुसला ते मान्य करावं लागलं.

१९६७मध्ये सरकारने तिथे मोठी मशीद बांधली, अरब इमाम नेमला, आणि यूनुस गावी परतायला निघाला. बंदरावर जुनी-नवी सगळी कोकणी माणसं जमली होती. कोणी गळ्यात पडत होतं, कोणी दुआ मागत होतं. गर्दी थोडी कमी झाल्यावर शहरबानू जवळ आली.

"मौलवीसाब, एकच काम राहिलं. भाईची कबर नेमकी कुठली ते सांगून जा. ह्यांना दरसाल फातेहा द्यायला पाठवत जाईन. तुम्हीच उतरला होतात, तुम्हाला ठाऊक असणार."

यूनुसने कमालकडे पाहिलं. कमाल दुसरीकडे बघत होता.

"वाळूत खुणा राहत नाहीत, बाय," यूनुस म्हणाला. "आता मलाही सांगता येणार नाही."

तिने ते सहज मानलं. उलट त्यालाच वाईट वाटू नये म्हणून म्हणाली, असू दे, तुम्ही पढवली हेच पुष्कळ आहे. मग बोटीचा भोंगा झाला आणि लोकांनी त्याचं सामान उचललं.