सीताफळाच्या बिया

"मम्मी, बी काढल्याबिगर बुंदीला फळ द्यायचं न्हाई," तृप्ती मला हजारदा सांगायची. बुंदी म्हणजे माझ्या पोरीची कॉकाटील, पिवळ्या तुऱ्याची, मुठीएवढी पोपटीण. मी म्हणायची, "तुझी बुंदी काय जावईबापू लागून गेली का, बिया निवडून द्यायला?"

त्या दुपारी तृप्ती शेजारी दीपमालाकडं गेल्ती. मळ्यातलं पिकलं सीताफळ मी फोडलं अन् अर्धं तसंच बियांसकट पिंजऱ्यात ठेवलं. भांडी घासून आले तर बुंदी पिसं फुगवून, डोळे मिटून बसलेली. अन् जाळीखालच्या ट्रेमध्ये फुटक्या बिया!

अगं बाई गं! सकाळीच सीताफळाच्या बिया खलबत्त्यात कुटून, तेलात कालवून मी तृप्तीच्या डोक्याला चोपडल्या अन् वर फडकं बांधलं. उवांना आमच्याकडं हाच इलाज. उवा पटापटा मरतात. मंग ह्या एवढ्याशा जिवाचं काय?

जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. "ताई, गर चालतो. बी फोडून खाल्ली तर विष. फळ काढा अन् पाखरू जल्दी घेऊन या."

"अहो, गाडी काढा ना!" मी मालकावर खेकसले. त्यांचा काय दोष? पण पोरीला कोणत्या तोंडानं सांगू, एवढंच डोक्यात फिरून राह्यलं.

पिंजरा उघडला, फळ बाहेर काढलं. त्यातल्या बिया साबूत, गरात तशाच रुतलेल्या. ट्रेमधल्या मात्र खडखडीत वाळक्या. पिंजऱ्याशेजारीच तर सकाळी कुटत बसल्ते मी! माझ्याच खलबत्त्यातून उडालेल्या त्या, अन् तिथवर तिची चोच पोचतच न्हाई. बुंदी नुसती झोपली होती. मी मटकन खाली बसले अन् मला रडूच फुटलं.

तेवढ्यात तृप्ती आली. "मम्मी, डोकं लई खाजून राह्यलं," म्हणत तिनं फडकं सोडलं.

पिंजऱ्याचं दार उघडंच होतं. बुंदी जागी झाली, भुर्रकन उडून तिच्या डोक्यावर बसली अन् रोजच्यासारखी चोचीनं केस विंचरायला वाकली.

मी किंचाळले अन् झडप घालून तिला मुठीत धरलं. ती माझ्या बोटाला अशी कडकडून चावली की रक्त आलं.

"चाव गं माय, चाव," मी रडत म्हणलं, अन् मूठ काही सोडली न्हाई.