सात नंबरचा वळसा

युरोपातली वाहतूक सुधारायची जबाबदारी माझ्यावर कोणी टाकली नव्हती. तिथल्या बस माझ्यावाचून वेळेवर धावत होत्या, आणि मी ज्यांची वेळापत्रकं करतो त्या बस माझ्यासकट उशिरा धावत होत्या. तरी वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मी 'युरोपीय वाहतूक नियोजन' या विषयाच्या दूरशिक्षण अभ्यासक्रमाला नाव घातलं. अभ्यासक्रम दोन वर्षांचा होता. जास्तीत जास्त चार वर्षांत तो संपवायचा, नाहीतर नाव कटतं. ही सवलत कोणत्या ढ माणसासाठी ठेवली असेल, असा प्रश्न मला पहिल्या वर्षी पडायचा. चौथ्या वर्षी पडेनासा झाला.

मी बस डेपोच्या वेळापत्रक विभागात आहे. विभाग म्हणजे एक टेबल, दोन कपाटं, भिंतीएवढा नकाशा आणि मी. डेपो मॅनेजरनी एकदा चहा पिता पिता सांगितलं, की नियोजन अधिकाऱ्याची जागा निघणार आहे, आणि असलं सर्टिफिकेट असलेला माणूस घरचाच मिळाला तर बाहेरून कशाला आणायचा. त्या दिवसापासून मी दारावर लागणाऱ्या माझ्या नावाच्या पाटीवरच्या अक्षरांचा आकार ठरवायला लागलो. बाजारात तुरी नि भट भटणीला मारी, त्यातला प्रकार.

अभ्यास सकाळी साडेपाच ते सात, जेवणाच्या टेबलावर. रविवारी कॉम्प्युटरवर वर्ग भरायचा, त्याला मी वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली घरचा लेंगा घालून बसायचो. एकदा खिडकी लावायला उठलो आणि अकरा देशांतल्या विद्यार्थ्यांनी तो लेंगा पाहिला. आमच्या मार्गदर्शक बाई फार सभ्य. त्यांनी पुढचं पान उघडायला सांगितलं.

तिकडे म्हणे बस दर तासाला ठरलेल्या मिनिटालाच सुटते, म्हणजे माणसाला वेळापत्रक पाठ करावं लागत नाही. मला हे इतकं पटलं, की मी घरच्या बाथरूमच्या दारावर तसं वेळापत्रक लावलं. बायको तासाच्या दहाव्या मिनिटाला, मुलगी पंचविसाव्या, मी चाळिसाव्या. दुसऱ्या दिवशी मुलगी स्वयंपाकघरात दात घासताना दिसली. म्हणाली, पुढची गाडी चाळीसला होती आणि तिच्यात तुम्ही होता. तिसऱ्या दिवशी बायकोने कागद काढला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर किराण्याची यादी केली.

या सगळ्यात माझा अभ्यास गंभीरपणे घेणारं माणूस एकच, माझी मोठी बहीण. ताई हॉस्पिटलच्या लाँड्रीत आहे. धुतलेल्या चादरींच्या घड्या घालते, दिवसाला साडेतीनशे. नवरा गेल्यापासून टेकडीवर, पाण्याच्या टाकीजवळच्या वसाहतीत एकटी राहते. दर रविवारी फोन करून किती धडे झाले ते विचारायची आणि मी सांगितलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायची. लाँड्रीतल्या सगळ्या बायकांना तिने सांगून ठेवलं होतं, की भाऊ युरोप शिकतोय.

चौथ्या वर्षी शेवटचा प्रकल्प उरला. एक खरा बसमार्ग घ्यायचा, सुधारायचा आणि फरक दाखवायचा. मी सात नंबर घेतला, स्टँड ते हॉस्पिटल. हा मार्ग सरळ चालता चालता मध्येच टाकी फाट्यावर हमरस्ता सोडतो, टेकडी चढतो, टाकीला वळसा घालतो आणि पुन्हा फाट्यावर येतो. नऊ मिनिटं जातात. मी तिकीट मशीनची वर्षाची आकडेवारी काढली. टाकीच्या दोन थांब्यांवर मिळून दिवसाला सरासरी तीन प्रवासी. तिघांसाठी बसभर माणसांनी नऊ मिनिटं घालवायची? पुस्तकात लिहिलं होतं, मार्ग सरळ ठेवा, चारशे मीटर माणूस आनंदाने चालतो. टाकीपासून फाटा नकाशावर तीनशे ऐंशी मीटर भरला. नकाशा सपाट असतो हे माझ्या लक्षात आलं नाही, कारण मी त्या टेकडीवर कायम स्कूटरने गेलो होतो.

आणि ताई? ताई माझ्या लक्षात होती. तिला मी त्या तिघांपैकी एक धरलं होतं. सख्ख्या बहिणीला मी एक छेद तीन करून पुढच्या पानावर गेलो.

मॅनेजरना कल्पना बेहद्द आवडली. त्यांनी एक तारखेपासून प्रायोगिक म्हणून वळसा बंद करून टाकला. सात नंबर आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर धावू लागली. मार्गदर्शक बाईंनी कळवलं, की मांडणी स्वच्छ आहे, निर्णय धाडसी आहे, आता फक्त एका दिवसाची प्रत्यक्ष बसमध्ये बसून केलेली मोजणी जोडा, म्हणजे झालं. मुदत महिनाअखेरची. हे प्रत्यक्ष बसमध्ये बसणं मी तीन आठवडे टाळलं. चोवीस वर्षं बसची वेळापत्रकं करणाऱ्या माणसाला बसमध्ये बसायला सांगणं मला जरा अपमानाचं वाटलं होतं. शेवटी चार दिवस उरले तेव्हा मंगळवारी सकाळी सव्वासहाला वही घेऊन टाकी फाट्यावर जाऊन उभा राहिलो.

थांब्यावर ही गर्दी. मी मोजली, एकेचाळीस माणसं. माझी छाती फुगली. पाहा, मार्ग सरळ केल्याबरोबर प्रवासी कसे ओढले गेले. वहीत तसं वाक्यही लिहिलं. मग वर पाहिलं तर टेकडीच्या उतारावरून ताई येत होती. शिडी उतरावी तशी आडवी होऊन, एका हाताने कठडा धरून, डावा गुडघा न वाकवता. प्रत्येक पावलाला थांबत होती. मला पाहिल्यावर तिने कठडा सोडला आणि शेवटची दहा पावलं सरळ चालून दाखवली.

बस आली. कंडक्टर जुना, सगळा डेपो त्याला मामा म्हणतो. त्याने ताईला पुढची जागा दिली, म्हणजे तिच्यासाठी धरूनच ठेवली होती. गर्दी आत घेऊन तिकिटं फाडून झाल्यावर मी त्याला विचारलं, की एवढी माणसं या थांब्यावर आली कुठून.

"आली कुठून म्हणजे? ही वरचीच. पूर्वी टाकीवर चढायची, आता उतरून येतात."

मी म्हटलं, टाकीवर तीनच माणसं चढतात, मशीन सांगतं. मामाने माझ्याकडे असं पाहिलं, की मी वही बंद केली.

"साहेब, टाकीचं तिकीट फाट्यावरून फाडायचं, हा तुमचाच हुकूम."

त्याने पिशवीच्या आतल्या कप्प्यातून प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद काढला. एकोणीस वर्षांपूर्वीचं परिपत्रक. जुन्या तिकीट मशीनमध्ये एका मार्गाचे वीसच थांबे बसत आणि सात नंबरला बावीस होते. तेव्हा वेळापत्रक विभागातल्या एका हुशार, तरुण कारकुनाने तोडगा काढला होता, की टाकीचे दोन थांबे मशीनमध्ये घालूच नयेत, तिथल्या प्रवाशांना टाकी फाट्यावर चढले असं दाखवावं, भाडं तेवढंच आहे. खाली सही माझी. चांगली लफ्फेदार. पुढे नवी मशीनं आली, त्यात बावीसच्या बावीस थांबे आले, पण परिपत्रक रद्द करायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. त्या कोणाचं नाव सांगायची गरज नाही. जुने कंडक्टर इमानदारीने हुकूम पाळत राहिले. माझ्या आकडेवारीतले ते तीन प्रवासी म्हणजे एका नव्या कंडक्टरने परिपत्रक न वाचता फाडलेली तिकिटं.

उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले. पण आधी शेळ्या वहीतून खोडून मग त्या नाहीतच म्हणून कुरण बंद करणारा मीच.

मी ताईच्या शेजारी जाऊन बसलो. खरं सांगायचं तर त्या क्षणीही माझ्या डोक्यात एक हिशेब चालू होता. फाट्यावर एकेचाळीस माणसं चढली हे खोटं नव्हतं. मोजणी खरी, तारीख खरी, वेळ खरी. ती जोडली की प्रकल्प पास, सर्टिफिकेट हातात, पाटी दारावर. ती माणसं कुठून आली हा रकाना त्या फॉर्ममध्ये नव्हताच. आणि खरं सांगितलं तर चार वर्षांवर पाणी, कारण नवीन प्रकल्पाला वेळ उरला नव्हता.

ताई डबा मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत होती. मी विचारलं, तीन आठवडे तू हे असं उतरतेस, मला फोनवर एकदाही का बोलली नाहीस.

"तुझा अभ्यास चालला होता ना," ती म्हणाली. "मामा म्हणाले, तुमच्या भावाने परीक्षेसाठी गाडी बंद केलीय. मला वाटलं, पेपर झाला की परत सुरू करशील."

मग तीच पुढे म्हणाली, "तू दहावीला होतास तेव्हा रेडिओ बंद नव्हता का ठेवला? तसंच."

रेडिओ मला आठवत होता. माझ्या अभ्यासासाठी बाबांनी तो वर्षभर कापडात बांधून फळीवर ठेवला होता. ताईला गाण्यांचा नाद. ती शाळा सोडून शिवणकामाला लागली होती आणि दुपारभर मशीनवर बसून गाणी ऐकणं एवढीच तिची चैन होती. मी त्या वर्षी गणितात नापास झालो, म्हणून रेडिओ आणखी सहा महिने बांधलेला राहिला. ती बिनगाण्याची शिवत राहिली. मी मात्र त्यातले निम्मे दिवस गच्चीवर पतंग उडवत होतो. आज सदतीस वर्षांनी मला त्याची लाज वाटली. बसमध्ये उभ्या माणसांच्या कोपरांखाली बसून मी रडलो, आणि ताईने डब्याचं फडकं पुढे केलं.

तिला हॉस्पिटलला सोडून मी थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. परिपत्रक त्यांच्या टेबलावर ठेवलं. ते म्हणाले, बस वेळेवर धावते आहे, अहवाल वर गेला आहे, आता कशाला उकरून काढायचं. मी म्हटलं, ती वरच्या माणसांना टेकडी उतरायला लावून धावते आहे, आणि चूक माझी आहे, तसं मी लेखी देतो. त्यांनी सही परत परत पाहिली. आपल्याच खात्यात इतक्या वर्षांची चूक कोणी आपणहून आणून देतं, याची त्यांना सवय नव्हती. दुपारी वळसा पुन्हा सुरू करायचा आदेश निघाला. परिपत्रक रद्द करणारं परिपत्रकही मीच टाइप केलं. या वेळी सही साधी केली.

मग बाईंना लिहिलं. मुलीने इंग्रजी तपासलं आणि पहिल्यांदाच एकही चूक काढली नाही. त्यात लिहिलं, की माझा प्रकल्प खोट्या आकड्यांवर उभा आहे, आकडे खोटे असण्याचं कारण मी स्वतः आहे, आणि ज्या थांब्यावर तीन माणसं दाखवली तिथे कंडक्टरांच्या हिशेबाने रोज सव्वाशे चढतात. बाईंचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. असं पत्र त्यांना आजवर कोणी लिहिलं नव्हतं, असं त्यांनी म्हटलं होतं. खाली नियम होता. प्रकल्प अमान्य, महिनाअखेरीस मुदत संपताच नाव रद्द, हवं असल्यास नव्याने प्रवेश घेता येईल. पहिल्या धड्यापासून.

नियोजन अधिकाऱ्याची जागा बाहेरून भरली. सत्तावीस वर्षांचा मुलगा आहे, कामाला चांगला आहे, मला सर म्हणतो. एका सकाळी साडेपाचला मी सवयीने उठून रिकाम्या टेबलाशी बसलेलो दिसलो, तेव्हा बायकोने चहा केला आणि विचारलं, "मग, फॉर्म कधी भरताय?"

भरला. पंचावन्नाव्या वर्षापर्यंत अभ्यासक्रम संपवावा असा बेत आहे. या वेळी दर मंगळवारी सकाळी सात नंबरने टाकीवरून हॉस्पिटलपर्यंत जायचं आणि तसंच परत यायचं, असं मी आधीच ठरवून टाकलंय.

रविवारी फोनवर ताईला सांगितलं, की पुन्हा नाव घातलं. ती फार खूश झाली. पलीकडे रेडिओ लागलेला ऐकू येत होता, तो तिने लगेच बारीक केला.

"बरं," ती म्हणाली, "या खेपेला काय बंद ठेवायचं?"