रतनबाईंची मेंटॉर

"नावं चुकल्यात," रतनबाई म्हणाल्या. "वरचं खाली आन् खालचं वर झालंय."

वलवणच्या चिक्की कारखान्यात सकाळीच फळ्यावर कागद लागला होता. मेंटॉर: प्रतीक्षा. तिच्याकडे शिकणार: रतनबाई. मेंटॉर म्हणजे हाताला धरून शिकवणारा, हे मॅनेजर सुहास यांनी मागच्या आठवड्यात सगळ्यांना समजावले होते, तेव्हा बायका रतनबाईंकडे बघून हसल्या होत्या. सव्वीस वर्षे कढईवर उभ्या असलेल्या रतनबाईंनी अकरा जणींना पाक शिकवला होता. त्यातली शेवटची, अकरावी, प्रतीक्षाच. मेंटॉर त्या नाही तर आणखी कोण होणार?

"चूक नाही, मावशी," सुहास म्हणाले. "मेंटॉर बारावी पास लागते. आणि तुम्ही तिच्याकडे शिकल्याचा कागद झाला नाही, तर कढई बंद. पॅकिंगला जावं लागेल."

रतनबाईंना कुणीतरी कानाखाली वाजवल्यासारखे झाले. त्या गुळाच्या पोत्यावर बसल्या.

"तुला ठावं व्हतं?" त्यांनी प्रतीक्षाला विचारले.

"व्हय. मंगळवारीच सही केली." प्रतीक्षा खाली बघत होती. "मी न्हाई म्हनले असते तर भायेरून कुनाला तरी आनलं असतं. तुमाला सांगायचा धीर झाला न्हाई, मावशी."

राग इतका आला, की डबा उचलून सरळ घरी जावे असे वाटले. पण टेबलाशी बसून पिशव्या चिकटवत उरलेली वर्षे काढणे त्यांना जमणारे नव्हते. त्या उठल्या आणि शिकणारी उभी राहते तिथे, कढईच्या डाव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

प्रतीक्षाने पाकात थर्मामीटर धरला. गूळ नवा होता, पाक लवकर धरणारा. रंगावरूनच रतनबाईंना कळले की पाक झाला, आता जरा थांबले की करपणार. थर्मामीटरवर ठरलेला आकडा मात्र अजून आला नव्हता. प्रतीक्षालाही ते दिसत होते, त्यांनीच तर शिकवले होते. पण कारखान्याच्या नियमांच्या कागदात तो आकडा लिहिला होता आणि दारात सुहास उभे होते.

गॅसची चावी रतनबाईंच्या हाताशीच होती. हात पुढे गेला आणि थांबला.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "ग्यास बंद करू का?"

सव्वीस वर्षांत त्यांनी हे कुणाला विचारले नव्हते. प्रतीक्षाने मानेनेच हो म्हटले. डोळे मात्र तिने आकड्यावरून उचलले नाहीत.