भानुमतीबाईंचा पाट

मी एक जुना पाट आहे. फणसाच्या लाकडाचा, चारी कोपऱ्यांत पितळी फुल्या जडवलेला, खाली दोन आडव्या पट्ट्यांवर टेकलेला. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी पाट पाहिलाही नसेल. जमिनीवर मांडून ज्यावर बसतात, तो मी. खुर्चीला पाठ असते, हात असतात. मला यांतले काही नाही. माझ्यावर बसणाऱ्याला स्वतःच्या कण्याच्याच आधाराने बसावे लागते.

कोकणातल्या एका सुताराने मला घडवले आणि भानुमतीबाईंच्या रुखवतात मी त्यांच्या सासरी आलो. त्यांचे यजमान विश्वनाथराव सरकारी अधिकारी. त्यांची बदली दिल्लीला झाली, तेव्हा मीही लोखंडी ट्रंकेत, नऊवारी लुगड्यांच्या घड्यांखाली, यमुनेच्या काठी येऊन पोहोचलो. पुढे विश्वनाथराव निवर्तले. मुलगा जयंत त्याच शहरात सरकारी नोकरीला लागला, त्याला लक्ष्मीबाई नगरात घर मिळाले, आणि त्या घराच्या पुढच्या खोलीत भानुमतीबाईंनी शारदा उपासना केंद्र आरंभिले.

आरंभी देवीची स्तोत्रे, मग गीतेच्या एका श्लोकाचे विवरण, हा तिथला क्रम. परंतु केंद्राचे खरे काम त्यानंतर सुरू होई. भानुमतीबाई स्वतः पाटावरून उठत आणि म्हणत, "या, आता जिला सांगायचंय तिनं बसावं." मग एखादी बाई माझ्यावर बसे आणि जे करायला ती भीत होती व तरीही जे तिने केले, ते सांगे. कोणी प्रथमच एकटीने बसने करोल बागेत जाऊन आलेली असे. कोणी मुलाच्या मुख्याध्यापकांशी हिंदीत वाद घालून आलेली. एकीने सासऱ्यांना सांगितले होते, की ती नोकरी सोडणार नाही. नियम एकच होता: पाटावर बसलेल्या बाईला मध्येच तोडायचे नाही. भानुमतीबाई म्हणत, "देवीसमोर वाणी मागतो ना आपण? मग मिळालेली वाणी दुसरीच्या तोंडातून आली तरी ऐकून घ्यावी."

या सभेत एक मुलगी आईचे बोट धरून येत असे. तिचे नाव हेमांगी. ती दिल्लीतच जन्मली, दिल्लीतच वाढली. तिला स्तोत्रे मुखोद्गत होती, पण वरवंटा म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हते आणि पुण्याच्या मामेबहिणी तिच्या बोलण्याला हसत. म्हणून ती ऐकायला पुढे बसे आणि बोलायची वेळ आली की मागे सरके. मोठी झाल्यावर नोएडात संगणकाच्या एका कंपनीत ती अधिकारी झाली, हाताखाली माणसे आली, स्वतःची मोटार आली. केंद्रात मात्र ती कधीच पाटावर बसली नाही. "नेक्स्ट टाइम, मावशी," असे ती भानुमतीबाईंना म्हणे, आणि त्या आग्रह करीत नसत.

मग काळ पालटला. खाजगी कंपन्यांची दारे उघडली आणि जयंतने सरकारी नोकरी सोडली. नोकरीबरोबर घरही सुटले. नोएडाच्या एका सेक्टरमध्ये, अर्धवट बांधलेल्या इमारतींच्या मध्ये, आम्ही नव्या सदनिकेत आलो. भानुमतीबाईंची दृष्टी तोवर मंदावली होती. केंद्र कोणाकडे सोपवावे, हा प्रश्न उभा राहिला.

लक्ष्मीबाई नगरातल्या अरुणाबाई म्हणजे त्यांचा उजवा हात. उच्चार शुद्ध, पाठांतर निर्दोष. परंतु त्यांनी स्पष्टच सांगितले, "वहिनी, यमुनेपलीकडे दर आठवड्याला कोण येणार? आमच्या ह्यांना तर नोएडा म्हणजे परदेशच वाटतो."

"मग हेमांगीला देते," भानुमतीबाई म्हणाल्या.

"हेमांगीला? अहो, ती 'मला भूक लागून राहिलीय' म्हणते!"

"भूक तर लागलीय ना तिला? मग झालं."

नव्या घरी पहिली सभा भरली. पुण्यामुंबईहून नोकरीनिमित्त आलेल्या कितीतरी अनोळखी स्त्रिया आल्या होत्या. जुन्यांपैकी अरुणाबाई तेवढ्या आल्या होत्या. गुळगुळीत फरशी, नवा सोफा, आणि भिंतीला टेकून उभा मी. सूत्रे हेमांगीच्या हाती दिलेली होती. आज ती निभावली, तर केंद्र चालणार होते. नाहीतर देवीची तसबीर जयंतच्या दिवाणखान्यातली एक तसबीर होऊन राहणार होती. हे खोलीतल्या प्रत्येकीला माहीत होते.

हेमांगी उभी राहिली. कंपनीत ती शंभर माणसांसमोर बोलत असे म्हणतात. इथे तिच्या हातातला रुमाल पिळला जात होता. तिने सर्वांना नमस्कार केला आणि ती म्हणाली, "अच्छा, तर आता सगळ्यात आधी आपण भानुमतीमावशींचा पाट लावूया!"

मित्रांनो, येथे थांबून एक अर्थ सांगायला हवा. जेवणाला वा पूजेला पाट मांडतात. 'पाट लावणे' याचा अर्थ आपल्या भाषेत अगदी निराळा आहे: विधवेचा दुसरा विवाह करून देणे. दिल्लीत खुर्च्याही 'लगा दो' म्हणतात, ताटेही 'लगा दो' म्हणतात. तिथे वाढलेल्या हेमांगीने पाटही लावला, इतकेच.

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. भानुमतीबाईंना वैधव्य येऊन कितीतरी वर्षे झाली होती. मग त्याच म्हणाल्या, "अगं, लाव की! पण स्थळ तरी आधी दाखवायचंस!"

सगळी खोली हसण्यात बुडाली. पुण्याहून आलेल्या एकीने पदर तोंडाला लावला. अरुणाबाईंच्या डोळ्यांतून पाणी आले. एकट्या हेमांगीलाच काही कळले नव्हते.

"काय झालं? मी काही गलत बोलले का?"

"मांडतात गं, पाट मांडतात," अरुणाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "लावतात तो विधवेचा. दुसरं लग्न! सत्तरी ओलांडलेल्या बाईला बोहल्यावर चढवलंस तू!"

हेमांगीचा चेहरा उतरला. हसणे थांबले, पण उशिरा थांबले. तिने मोटारीच्या किल्ल्या उचलल्या.

"सॉरी, मावशी. मी... माझ्याकडून नाही होणार हे. अरुणाकाकूच ठीक आहेत. ज्यांना बोलता येतं त्यांनीच बसावं, यार."

ती दाराकडे वळली. तिला कोणी अडवले नाही. चुकलेल्या माणसाला अडवावे की जाऊ द्यावे, हे चटकन सुचत नाही.

भानुमतीबाई सोफ्यावरून उठल्या. त्यांनी चाचपडत मला भिंतीपासून उचलले. माझे वजन थोडे नाही, फणसाचे लाकूड आहे मी. पण त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. देवीसमोर मला ठेवले, पदराने पुसले आणि त्या म्हणाल्या, "हा बघ, लावला. आता बस."

"मावशी, ही तुमची जागा आहे."

"माझी कधीच नव्हती. जिला सांगायचंय तिची आहे. तू लहानपणापासून 'नेक्स्ट टाइम' म्हणत आलीस. आज तुला सांगण्यासारखं काही आहे की नाही?"

"सगळे हसतील."

"पाटावर बसलीस की कोणी तोडणार नाही. उभ्या माणसाची हमी मी घेत नाही."

किल्ल्या हातात तशाच ठेवून हेमांगी येऊन बसली. पहिल्यांदाच माझ्यावर तिचा भार आला. तिचा कणा ताठ नव्हता.

मग ती म्हणाली, "ऑफिसमध्ये मी दिवसभर बोलते. इंग्लिशमध्ये, हिंदीमध्ये. तिथे माझी गलती नाही होत. इथे होते. घरी आई होती तोपर्यंत ती मला करेक्ट करायची. आता आई नाहीये. म्हणजे मराठीत माझी चूक पकडणारं पण कोणी नाहीये. मला इथे यायला भीती वाटते, आणि नाही आले तर अजून जास्त भीती वाटते. कारण चुकायला माझ्याकडे दुसरी जागाच नाहीये."

सर्वांनी अरुणाबाईंकडे पाहिले. अरुणाबाईंनी हेमांगीचे बोलणे खरोखर संपले आहे याची खात्री करून घेतली.

"म्हण, 'पाट मांडा'," त्या म्हणाल्या.

"पाट मांडा."

"हं. आणि पुढच्या आठवड्याला मला न्यायला मोटार घेऊन ये. यमुना काही मी पोहून येणार नाही."

हेमांगीने किल्ल्या खाली ठेवल्या.

पुढे अनेक वर्षे तिने केंद्र चालवले. श्लोकाचे विवरण अरुणाबाई करीत, चुकले तर हेमांगीला सांगत, पण ती पाटावरून उतरल्यावर. गंमत अशी, की 'पाट मांडा' हे तिला येऊ लागल्यावरही सभेचा आरंभ 'चला, पाट लावा' याच शब्दांनी होऊ लागला. नवी बाई दचकून शेजारणीकडे पाही, मग तिला ही कथा सांगितली जाई, आणि हसता हसता तिची पहिली भीती निघून जाई. भानुमतीबाई गेल्या, त्या दिवशीही कोणीतरी हेच शब्द उच्चारले. त्या दिवशी कोणी हसले नाही.

यानंतर माझी उपेक्षेची वर्षे आली. सभासदांचे गुडघे दुखू लागले, घडीच्या खुर्च्या आल्या. मला सज्जात ठेवले गेले आणि माझ्यावर तुळशीची कुंडी आली. पाणी मुरून एक पट्टी कुजली, एक फुली निखळली. याबद्दल माझी तक्रार नाही; लाकडाचे असेच होत असते. अंगावर तुळस असणे हेही काही कमी नव्हे.

एकदा एका सभासदाची वृंदा नावाची सून सभेला आली. ती खुर्चीत अंग चोरून बसली होती. तिची बोलायची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "पुढच्या वेळी सांगते."

हेमांगीचे केस आता पिकले होते. ती काही न बोलता सज्जात गेली. तिने कुंडी उतरवली, स्वतःच्या ओढणीने माती पुसली, आणि मला देवीसमोर आणून ठेवले. कुजलेल्या पट्टीमुळे मी डुगडुगत होतो, म्हणून तिने खाली वर्तमानपत्राची घडी सरकवली.

"ये," ती म्हणाली. "पाट लावलाय."

मित्रांनो, माझे सांगणे एवढेच आहे. घरात एखादा जुना पाट असेल तर त्याला पाण्यात ठेवू नका, अधूनमधून तेलाचा हात द्या. आणि कोणी शब्द चुकला तर हसा, हसू येतेच. मात्र हसून झाल्यावर त्या माणसाला बसायला जागा द्या, आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत थांबा.