घराण्याचे दात

उमरीच्या बाजारात आमच्या बाराळ्यांच्या वस्तीवरचं पोरगं हसलं की लोक लगेच ओळखतात, बाराळ्याचं दिसतंय. दातावर तपकिरी पट्टे, मधीच खडूसारखे ठिपके, जुन्या पत्र्याला गंज धरावा तसे. माझ्या दोन्ही पोरांचे दात तसेच, रामलिंगचे आणि धाकट्या सुदर्शनचे. चुलत घरातल्यांचेही तसेच. आम्ही सुना बाहेरगावच्या, म्हणून आमचे पांढरे. या घरात जन्मलेल्या लेकी मात्र ते पट्टे घेऊनच नांदायला जातात. तेव्हा भावकीनं ठरवून टाकलं होतं की हे रक्तातलं आहे. घराण्याचे दात. मिरवायला दुसरं काही नसलं की माणसाला दातही पुरतात.

सुदर्शन लातूरला राहायचा. ट्रकवर होता, महिना महिना बाहेर. तिथंच त्यानं सुकन्याशी लग्न केलं, आम्हाला न विचारता. एक पोरगी झाली, दीपमाला. आता सतरा वर्षांची आहे, डॉक्टरकीच्या परीक्षेची शिकवणी लावलीय. मागच्या साली काविळीनं सुदर्शन गेला. वर्षश्राद्ध वस्तीवर घालायचं ठरलं, तशा मायलेकी आदल्या दिवशी आल्या. पोरगी पाया पडली आणि हसली. दात फोडलेल्या खोबऱ्यासारखे. रामलिंगनं ते बघितले, आणि त्याला बघताना मी बघितलं.

दुसऱ्या दिवशी भावकी जमली. भाताचे पिंड वळून झाले. भटजीनं विचारलं, "पिंड कोण देणार?"

"दीपमाला देईल," सुकन्या म्हणाली. "त्यांची एकुलती हाय."

"माझा शिवम देईल," रामलिंग म्हणाला.

"का? लेक बसलीय की समोर."

"पिंड रक्ताच्या माणसानं द्यायचा असतो, बाई. मी तोंड उघडत न्हवतो, तुम्ही उघडायला लावलं. हिच्या तोंडात बघा समदे. बाराळ्याचा एक तरी दात हाय का?"

पोरीनं ओठ मिटून घेतले. त्या दिवशी तिच्या हातून पिंड गेला नसता तर जन्मभर ती दुसऱ्याच कुणाची तरी राहिली असती, आणि सुदर्शनच्या वाट्याचं वावर रामलिंगच्या वावरात मिसळलं असतं. हे तो बोलला नाही, पण ऐकू सगळ्यांना आलं.

दीपमालाच बोलली. "काका, हे रक्तातलं नाही. जमिनीतलं फ्लोराइड बोअरच्या पाण्यात येतं, ते दातात अन् हाडात जाऊन बसतं. मी जन्मल्यापासून लातूरचं धरणाचं पाणी पितेय."

"ऐका! शिकवणी कामाला यायलीय," रामलिंग म्हणाला. "पाणी हाडात बसतं म्हणं. मग आमची हाडं आजून वल्ली कशी न्हाईत?"

भावकी हसली. झाडून सगळ्यांचे पट्टे दिसले.

मला फ्लोराइड कळत नाही. सही करते तेवढंच माझं शिक्षण. पण कोण कुणाच्या घरचं पाणी पितं हे मला पाठ आहे. तेवढ्यात मकसूद कल्हई केलेली पातेली घेऊन आला. त्याच्या बापाला माझ्या सासऱ्यानं कुंपणाला लागून जागा दिलेली. बहात्तरच्या दुष्काळात बोअर मारला, तेव्हापासून त्यांच्या घरी पाणी आमचंच.

"मकसूद, हिकडं ये. हास."

"काय अम्मा, श्राद्धाला हासू?"

"हास म्हणले तर हास."

तो हसला. रामलिंगच्या दातात आणि त्याच्या दातात सख्ख्या आईलाही फरक सांगता आला नसता.

"त्याचे गुटख्यानं गेलेत, माय," रामलिंग म्हणाला.

"असंल. लुबनाला बोलव रे."

मकसूदची लेक लुबना नऊ वर्षांची. बाप सगळ्यांपुढं दात काढून उभा, ते बघून ती आपोआपच हसली. तेच पट्टे, तेच ठिपके.

"ही बी गुटखा खाती का, रामलिंग?" मी विचारलं. "दातावरून रक्त धरायचं तर ही बी बाराळ्याचीच. भटजी, मकसूदला बी पाट टाका."

मकसूदनं हात जोडले. "पिंड राहू द्या अम्मा, दोन एकर वावर तेवढं नावावर करा."

आता भावकी हसली ती रामलिंगकडं बघून.

"यांच्यात अन् आपल्यात एकच गोष्ट सारखी हाय, बोअर," मी म्हणले. "माझे दात माहेरात पक्के होऊन आले, म्हणून वाचले."

"हां आजी, लहानपणी दात तयार होतानाच जे पाणी..."

"तू गप. मी बोलायले ना?"

पाटावर दीपमाला बसली. पिंड तिनंच दिला. रामलिंगनं शिवमला वाढायला उभं केलं आणि स्वतः पंगतीत बसला. जेवला व्यवस्थित, त्याचं जेवण कशानं अडत नाही. त्याला शेजारच्यानं हाक मारली तर तो सगळं अंग फिरवून बघतो. मान वळत नाही त्याची, दहा वर्षं झाली. दीपमाला बराच वेळ त्याच्याकडं बघत होती. मग माझ्या कानाशी म्हणाली, "आजी, काकांची मान पण त्याच पाण्यानं धरलीय. दवाखान्यात दाखवा." डोक्यावर ओझं वाहून अशी झाली, असं आम्ही आजवर म्हणत होतो. वस्तीवर अशा पाच-सहा माना आहेत.

संध्याकाळी मायलेकींनी पिशव्या भरल्या. सुकन्याचा चेहरा वर्षात पहिल्यांदा सैल झालेला.

"आत्याबाई, परीक्षा झाली की हिला इथंच ठेवते दोन महिने," ती म्हणाली. "आता घर तिचंच हाय."

"घर तिचंच हाय," मी म्हणले. "पण राहायचं न्हाई."

तिचा चेहरा पडला. म्हातारीच्या मनात अजून अढी आहे असं वाटलं असणार. वाटू दे. दीपमालाला मात्र कळलं.

"दोन महिन्यांत काही होत नाही, आजी. बाटलीचं पाणी पिईन."

"मी बी ह्या घरात राहायचं म्हणून आले न्हवते. दुष्काळ सरला की परत नेतो म्हणला होता माझा बाप. त्याला पन्नास वर्षं झाली. जीप आली बघ, नीघ."