‘इतर’ नावाचा खण

आत्याने एकतीस वर्षं टपाल कचेरीत पत्रं खणांत लावली. निवृत्त होऊन तप उलटलं, तरी कुठे ढीग दिसला की तिचे हात शिवशिवत. म्हणूनच जेवणाच्या टेबलावर लॅपटॉपपुढे डोकं धरून बसलेली भाची पाहून तिला राहवेना.

“कसला ढीग गं?”

“तक्रारी, आत्या. दोनशे बारा. संगणकाच्या आत दुसरा खोटा संगणक चालवतात ना, त्याची अवजारं आमची कंपनी बनवते. पाचच्या आत सगळ्या प्रकारवार लागल्या नाहीत तर माझी नोकरी कायम व्हायची नाही.”

“एक धड चालत नाही, त्यात पोटात दुसरा!” आत्याने चष्मा चढवला.

खण होते माऊस, स्क्रीन, घड्याळ, कॉपी-पेस्ट आणि इतर. ‘इतर’मध्ये एकशे सत्तर तक्रारी.

“अगं बाई! आमच्याकडे दिवसाला तीन पत्रं बिनपत्त्याची निघाली तरी साहेब जेवण सोडायचे.”

“मग काय करू? एकाच माणसाचा माऊस अडकतो, स्क्रीन बोटाएवढी होते, घड्याळ कालच्यावर थांबतं. कुठे घालू त्याला?”

आत्या वाचू लागली, तेही शेवटच्या ओळीपासून.

“उलटं काय वाचतेस?”

“पत्ता खालूनच वाचतात. गाव खाली असतं. वरचं ‘श्रीमान’ वगैरे त्या माणसाच्या समाधानासाठी.”

पहिल्या तक्रारीत वर तीन परिच्छेद नुसता संताप होता आणि तळाशी एक ओळ: ‘जेवायला उठताना लॅपटॉपचं झाकण लावलं, बाकी मी काहीच केलं नाही.’ दुसरीच्या तळाशी: ‘मांजर बसू नये म्हणून झाकण लावलं, बस्स.’ तिसरीत सासूबाई अचानक आल्या होत्या. साडेचारपर्यंत एकशे त्रेसष्ट झाकणं निघाली.

“झाकण नावाचा खण कर.”

“तसा प्रकार यादीत नाहीये, आत्या.”

“यादी काय आभाळातून पडली? कर म्हणते ना!”

उरलेल्या सात भाचीने भराभर इकडेतिकडे लावल्या. पाचला दहा कमी असताना तिचे साहेब पडद्यावर आले. यादी बघून त्यांच्या भुवया टकलापर्यंत चढल्या.

“झाकण? ही काय थट्टा आहे? अशाने नोकरीत कायम होतं का कोणी?”

भाचीचा चेहरा उतरला. कॅमेऱ्याच्या कडेने आत्याने डोकं पुढे काढलं. “साहेब, तुमच्याकडेही ते खोटं यंत्र असेलच. लावून बघा की झाकण.”

“हे बघा, लावलं!” साहेबांनी रुबाबात झाकण मिटलं आणि पडद्यावरून नाहीसे झाले.

दोघी काळ्या चौकोनाकडे बघत बसल्या. पाचला दोन मिनिटं असताना भाचीचा फोन वाजला.

“ऐका,” साहेबांचा आवाज अगदी मऊ झाला होता. “झाकण बरोबर आहे. नोकरी पक्की तुमची. पण माझा माऊस हलत नाहीये, स्क्रीन बोटाएवढी झाली आहे आणि घड्याळात काल दुपार आहे. आता काय करायचं?”

भाचीने फोनवर हात ठेवून आत्याकडे पाहिलं.

“त्यांना सांग,” आत्या चष्मा पुसत म्हणाली, “तक्रार लेखी पाठवा. आणि खरं कारण यावेळी वर लिहा.”